एक्केचाळीस भुंगेरे

उदगीरच्या कुठल्याही पानटपरीवर बिलकीस मॅडमचं घर विचारा, लोक थेट दारात आणून सोडतील. वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेली बाई. वर्गात कुणी भूत, नजर, करणी असलं काही काढलं की मॅडमचा एकच सवाल असायचा, "मोजलंस का? लिहून ठेवलंस का? न्हाई ना? मग बस खाली." आपण मात्र तिला नुसतं बिलकीसच म्हणू, कारण ही गोष्ट कॉलेजातली नाही, घरातली आहे.

घरात माणसं चार. बिलकीस, तिचा धाकटा भाऊ मुनीब, त्याची बायको अफसाना, आणि अब्बा. अब्बा म्हणजे निजामोद्दीन सुतार, वय चौऱ्याहत्तर. आयुष्यातली तीस वर्षं त्यांनी देगलूर रस्त्याच्या वीरण्णांच्या लाकडाच्या वखारीत काढली. त्यांची एक खोड होती. ओंडक्याला करवत लावण्याआधी ते त्याला कान लावत. आत भिरूड असला तर त्यांना ऐकू यायचा. भिरूड म्हणजे आंब्याच्या खोडातली जाड पांढरी अळी. वर्ष-दोन वर्षं ती आतल्या आत लाकूड कुरतडत राहते, आणि मग तिचा बोटाएवढा करडा भुंगेरा होऊन बाहेर पडतो. अंगाहून लांब मिशा असतात त्याला.

आत भिरूड असताना अब्बा करवत लावत नसत. बाकीचे सुतार हसायचे. "घर पाडायचं तर आधी राहणाऱ्याला बाहेर बोलवावं, बेटा," अब्बा म्हणायचे. किड्याच्या जागेचा तेवढा तुकडा पटाशीनं सोडवायचे, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घरी आणायचे आणि लेकीच्या हातात द्यायचे. महिन्यानं म्हणा, सहा महिन्यांनी म्हणा, डब्यातून खरखर आली की बिलकीस झाकण उघडायची. अशा भुंगेऱ्यांनी तिला प्राणिशास्त्राच्या नादी लावलं. चाळीस जमले होते. हॉलमध्ये भिंतीवर काचेची पेटी, आत टाचणीवर एकेक भुंगेरा, खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, गाव आणि झाड.

वखार बंद पडून बारा वर्षं झाली होती, आणि अब्बांना विसर पडायला लागून तीन. जेवून हात धुतले की विचारायचे, "जेवण कवा हाय?" मुनीबला कधी वीरण्णा समजायचे, कधी कुणी पाहुणा. बिलकीसचं नाव तेवढं शाबूत होतं. तिला ते बिलूच म्हणत.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बिलकीस हॉलमध्ये टेबलाशी बसून एक्केचाळिसावा भुंगेरा मांडत होती. माळ्यावर साफसफाई करताना अफसानाला एक विसरलेला पत्र्याचा डबा सापडला होता, त्यात निघाला तो. बारा वर्षांचा वाळका आंब्याचा तुकडा, त्याला ताजं भोक, आणि बाजूला मेलेला भुंगेरा. अफसाना म्हणाली, "या अल्ला, इतकी वर्षं जिता होता व्हय आत?" बिलकीसनं तिला समजावलं, सुकल्या लाकडात अळीची वाढ रखडते, वर्षानुवर्षं रखडते, पुस्तकात आहे.

मेलेला किडा कडक झालेला असतो. त्याला आधी ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून मऊ करावं लागतं, मग थर्माकोलवर टाचून पाय आणि मिशा टाचण्यांच्या आधारानं हव्या तशा वळवायच्या. हे काम अर्ध्यात सोडता येत नाही. मिशी एकदा वाळली की फुंकर लागली तरी मोडते. बिलकीस मिशा मागं वळवत होती, दोन्ही बाजूंना सारख्या, आणि तेव्हाच अब्बा येऊन तिच्या मागं उभे राहिले.

त्यांनी काहीतरी विचारलं.

"एक मिनिट, अब्बा."

त्यांनी परत विचारलं. बिलकीस म्हणाली, "एकच मिनिट." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं मान वर न करता नुसता डावा हात हलवला. अब्बांचं हे रोजचंच होतं हो. एकच गोष्ट दहादा विचारायची, उत्तर दिलं तरी अकराव्यांदा विचारायची. कुणी किती वेळ मान वर करावी? वीस मिनिटांनी तिनं शेवटची टाचणी रोवली, पाठ सरळ केली आणि म्हणाली, "हां, बोला अब्बा."

पलंग रिकामा होता. दाराची कडी काढलेली होती आणि उंबऱ्यातल्या चपला नव्हत्या.

मग जी धावपळ सुरू झाली ती झालीच. मुनीबचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान, ते त्यानं तसंच उघडं टाकलं आणि मोटरसायकल काढली. मशिदीच्या भोंग्यावरून ऐलान झालं. सफेद कुर्ता, निळ्या चौकड्यांची लुंगी, डाव्या हाताची करंगळी अर्धी. तोच मजकूर फोटोसकट साऱ्या गावाच्या मोबाईलवर फिरला. पोलिसांत नोंद झाली. वीरण्णांना फोन केला, तर तो म्हातारा माणूस भर उन्हात स्वतः वखारीवर जाऊन आला. "कुलूप हाय तसं हाय," त्यांनी कळवलं. "आत जाऊन हाका मारल्या, सगळी शेडं बघितली. न्हाईत निजामभाई." वखारीच्या नावावर काट मारली.

संध्याकाळी बसस्टँडच्या कॅमेऱ्यात एक म्हातारा दिसला. सफेद कुर्ता, टोपी, निलंग्याच्या गाडीत चढत होता. तोंड दिसत नव्हतं. मुनीबनं बघितलं आणि तो तडक निलंग्याला निघाला.

त्या दिवशी पारा त्रेचाळीसवर होता. अब्बांना शुगर. ओळखीच्या डॉक्टरांनी बिलकीसला फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, ह्या वयाचा शुगरचा माणूस, असल्या उन्हात, पाण्याविना. उद्या दुपारपर्यंत सापडायला पाहिजेत. त्याच्या पुढचं मी बोलत नाही."

बिलकीस रडली नाही. तिला रडूच येईना. तिच्या डोक्यात एकच भुंगा लागला होता, अब्बांनी विचारलं तरी काय होतं? तीनदा विचारलं त्यांनी, आणि तिला त्यातला एक शब्द आठवत नव्हता. मुलांना सांगायची मोजा, लिहून ठेवा, आणि स्वतःच्या बापाचं ऐकलं नाही. आपल्यासारखी करंटी आपणच, असं तिला वाटत होतं, आणि ते चुकीचं होतं असंही म्हणवत नाही.

दिवेलागणीला टेबल आवरताना तिचं लक्ष नव्या भुंगेऱ्याकडं गेलं. त्याच्या दोन्ही मिशा एका बाजूला गेल्या होत्या. टाचण्या जागच्या जागी, मिशा मात्र टाचण्यांच्या बाहेर, दोन्ही एका दिशेला, सरळ. वाळताना ओढ बसते, वाकतात कधी कधी, तिनं स्वतःला सांगितलं आणि कुठल्याशा फोनला उत्तर द्यायला उठली.

बुधवारी सकाळी सहाला ती हॉलमध्ये आली. भिंतीवरच्या पेटीतल्या चाळीसच्या चाळीस भुंगेऱ्यांच्या मिशा एकाच बाजूला होत्या.

ती पेटीसमोर किती वेळ उभी राहिली तिलाच ठाऊक. पेटीला कुलूप होतं, किल्ली तिच्या पर्समध्ये होती. त्यातले काही भुंगेरे पस्तीस वर्षांपूर्वीचे. त्यांच्या मिशा बोट लागलं तरी भुगा होतील अशा. पण एकही मोडली नव्हती, खाली कणभर चुरा नव्हता. तिनं मोबाईलमधला फेब्रुवारीतला फोटो काढून पडताळला. त्यात सगळ्या मिशा तिनं मांडल्या तशाच होत्या, मागं वळवलेल्या, दोन बाजूंना दोन.

तिनं पेटी भिंतीवरून उतरवली, टेबलावर आडवी ठेवली आणि अर्धी फिरवली. मिशा आता उलट्या बाजूला झाल्या. ती बघत बसली. काही हललं नाही. पाच मिनिटं डोळ्यांची पापणी न लवू देता बसली, तरी काही नाही. मग आतून अफसानानं हाक मारली, "आपा, च्या घ्या," आणि तिनं क्षणभर मान वळवली. परत बघितलं तर साऱ्या मिशा पहिल्याच दिशेला. थर्माकोलवरचा एक्केचाळिसावाही तसाच.

बिलकीसच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी तिनं आपलं नेहमीचं केलं. मोबाईलमधलं होकायंत्र उघडून पेटीवर ठेवलं आणि वहीत लिहिलं. सकाळी सहा वाजून पंचवीस, घर, बासष्ट अंश. पूर्वेला, जरा उत्तरेकडं कललेली दिशा. निलंगा बरोबर उलट अंगाला राहिला.

"अफसाना, बुरखा घाल. कॉलेजात जायचंय."

"आत्ता? अब्बा सापडंनात आणि कॉलेजात काय ठेवलंय, आपा?"

"ही पेटी मांडीवर घेऊन स्कूटीवर मागं बस. हलू देऊ नको. आणि मला काही विचारू नको, मला बी माहीत न्हाई."

कॉलेज बिदर रस्त्याला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. सुट्ट्या लागलेल्या, शिपायानं झोपेतून उठून कुलूप काढलं. भूगोलाच्या खोलीत तालुक्याचा मोठा नकाशा होता. बिलकीसनं पेटी बाकावर ठेवली, पाठ वळवली, दहा मोजले. अडतीस अंश. तिनं नकाशावर घरापासून एक रेघ ओढली, कॉलेजापासून दुसरी. दोन्ही रेघा देगलूर रस्त्यावर शहराबाहेर एका ठिकाणी एकमेकींना कापत होत्या. तिथं नकाशावर काहीच छापलेलं नव्हतं. छापायची गरजही नव्हती, लहानपणी ती अब्बांचा डबा घेऊन चालत तिथं गेलेली होती.

"वखार," अफसाना हळूच म्हणाली. "पण वीरण्णाकाका बघून आले ना काल?"

बिलकीसनं वही मिटली. मोजलं होतं, लिहूनही ठेवलं होतं. आता स्वतःलाच 'बस खाली' कसं म्हणणार?

तेवढ्यात मुनीबचा फोन आला. बसमधला म्हातारा सापडला होता. निलंग्याचाच कुणी पाहुणा, लेकीकडं निघालेला, दहाची दहा बोटं शाबूत. मुनीबचा आवाज पार बसला होता. "आता कुठं बघू, आपा?" तो लहान पोरासारखा म्हणाला.

"तू ये माघारी," बिलकीस म्हणाली. "मी बघून राहिले."

फोन करून बोलावलेले वीरण्णा किल्ली घेऊन फाटकाशीच भेटले. धोतर, कपाळावर विभूती, हातात काठी. पेटीकडं बघून त्यांनी भुवया वर केल्या. नऊ वाजले होते आणि ऊन आत्ताच भाजत होतं. फाटकाच्या आत वेडी बाभूळ माजलेली, शेडचे पत्रे गंजून लाल झालेले. बारा वर्षं तिथं करवत चालली नव्हती, तरी हवेत वास येत होता. ताज्या चिरलेल्या आंब्याचा, चिकाचा, ओला, आंबूस वास.

"काका, हा वास कसला?"

"मला तर कायच येईना, अक्का," वीरण्णा म्हणाले. अफसानानं मात्र नकाबानं नाक झाकलं.

बिलकीसनं पेटीत बघितलं. मिशा समोर होत्या. ती चार पावलं डावीकडं सरकली, खाली बघितलं, वर बघितलं, परत खाली बघितलं. मिशा उजवीकडं वळल्या होत्या. शेडच्या मागं.

"मागं काय आहे, काका? हौद?"

"अय्यो, हौद कुठाय आता?" वीरण्णा म्हणाले. "लाकूड मुरवायचा हौद तो, गुरंढोरं पडाया लागली म्हणून सात वर्षांमागं बुजवला. चार ट्रॉल्या मुरूम टाकला. काल त्याच मुरमावर उभा राहून हाका मारल्या की मी."

ते शेडच्या मागं गेले.

हौद उघडा होता.

दगडी पायऱ्या, चारी भिंती धुतल्यासारख्या स्वच्छ. मुरमाचा खडा नव्हता. आजूबाजूला उपसलेला ढीगही नव्हता. वीरण्णांची काठी हातातून गळली. ते कठड्याला हात लावून बघत राहिले.

तळाला टाचभर पाणी. पाण्यात आंब्याचा एक जाडजूड ओंडका, सालीसकट.

ओंडक्याला कान लावून अब्बा बसले होते.

"अब्बा!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गप, ऐकू दे.

बिलकीस कशी खाली उतरली तिला आठवत नाही. पायऱ्यांवर गुडघा फुटला तोही नंतर कळला. तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळ चाचपलं, डावा हात उलटा करून बघितला. अर्धी करंगळी. अंग थंडगार, श्वास संथ. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. पोरीबाळींसमोर कधी डोळ्यांतून टिपूस न काढणारी बाई, त्या हौदात बापाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. वर अफसानाही रडत होती. "शुकर हाय अल्लाचा, शुकर हाय," एवढंच ती म्हणत होती.

"चला अब्बा, घरी चला."

"थांब बिलू." त्यांनी ओंडक्यावर हात ठेवला. "एक मिनिट. ह्याला आधी..."

"नंतर, अब्बा. नंतर येऊ आपण. उठा."

"अगं, त्याला..."

"नंतर म्हटलं ना!"

तिनं त्यांना काखेत हात घालून उठवलं. ते अलगद उठले. इतके हलके झाले होते की पायऱ्या चढवताना तिला भार वाटलाच नाही. चोवीस तासांचा उपाशी माणूस, तिनं मनाशी म्हटलं. मागं हौदात कुठंतरी बारीक कुरकुर चालली होती. तिनं वळून बघितलं नाही.

रिक्षात तिनं त्यांना पाणी पाजलं आणि विचारलं, "काल तुम्ही मला काय विचारत होता, अब्बा? तीनदा विचारलं होतं."

"येतेस का, विचारलं होतं," अब्बा म्हणाले. "म्हटलं, लाकडात कुणीतरी हाय, काढाया पायजे. तू म्हणलीस एक मिनिट."

दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त तपासलं. डॉक्टर रिपोर्ट दोनदा बघून म्हणाले, "हा माणूस काल सकाळपासून बाहेर होता? शुगर तर माझ्यापेक्षा चांगली आहे. ओठसुद्धा सुकले नाहीत." दुपारी घरी सोडलं. दारात मुनीब उभा होता. त्यानं बापाला उंबऱ्यातच मिठी मारली आणि मग मागच्या अंगणात जाऊन तोंड धुतो, तोंड धुतो म्हणत बराच वेळ नळाखाली उभा राहिला. शेजारपाजारचे येऊन गेले. कुणी खजूर आणले, कुणी नारळ आणला, कुणी हौद कसा बुजला होता नि कसा उघडला ह्यावर तास तास वाद घातला. वीरण्णा म्हणत होते मुरूम खाली बसला असेल. एवढा बसतो का मुरूम? पण त्या दिवशी त्याची फिकीर होती कुणाला! माणूस घरी आला होता. बिलकीस त्या संध्याकाळी जी आडवी झाली ती सकाळी उन्हं खिडकीत आल्यावरच उठली. कित्येक महिन्यांनी इतकी गाढ झोप लागली होती तिला.

गुरुवारची सकाळ म्हणजे ईदच वाटावी. अफसानानं शिरखुर्मा करायला घेतला होता. मुनीबनं दुकानाला निघताना अब्बांना सलाम केला, तर अब्बा म्हणाले, "मुनीब, टायरात हवा भर, बसलंय मागचं." मुनीब जागच्या जागी थबकला. वर्षभरानं त्यांनी त्याला नावानं हाक मारली होती. तो बिलकीसकडं बघून एवढा हसला, एवढा हसला की तिलाही हसू आवरेना. घरावरचा डोंगरच उतरला म्हणा ना.

अशा हसत्या तोंडानं ती पेटी उचलायला हॉलमध्ये गेली. ठरवून टाकलं होतं, आता ही पेटी कपाटात, आणि परत काही मोजायचं नाही. देव पावला, का किडे पावले, काय असेल ते असो. अब्बा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते, त्यांचं खोकणं ऐकू येत होतं.

पेटी टेबलावर होती. तिनं वाकून बघितलं.

प्रत्येक भुंगेऱ्याची डावी मिशी आतल्या खोलीकडं होती. अब्बांच्या पलंगाकडं.

उजवी मिशी देगलूर रस्त्याकडं होती.

तिनं एकेक करून बघितले, बाजूचा थर्माकोलवरचाही. एक्केचाळीस. सगळे तसेच. तिनं पेटी फिरवली, भिंतीकडं तोंड करून दहा मोजले, वळली. डावी आत, उजवी बाहेर. बासष्ट अंश.

ती आतल्या खोलीत गेली. अब्बांनी चहा बशीत ओतला होता आणि त्यावर फुंकर घालत होते. ती त्यांच्या पायाशी बसली. ह्या वेळी तिनं घाई केली नाही.

"अब्बा, काल हौदात तुम्ही मला काहीतरी सांगत होता. मी ऐकलं न्हाई. लाकडात कोण होतं?"

अब्बांनी तिच्याकडं बघितलं. नजर लख्ख होती, पूर्वीसारखी.

"कोण म्हणजे? मीच की," ते म्हणाले. "तुला हाक मारून राहिलो होतो आतून. तू ह्याला घेऊन आलीस," त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, "मला तसंच ठेवलंस." त्यांनी बशीतला घोट घेतला. "उपाशी असंल बिचारा. दोन दिस झाले."

बिलकीसनं त्यांच्या हातातली रिकामी बशी घेतली नाही, ती तशीच राहू दिली. मग उठून स्वयंपाकघरात आली. फळीवरचा स्टीलचा डबा काढला, धुतला, पुसला. खालच्या पुडात दोन भाकरी ठेवल्या, वर वांग्याची भाजी, कांदा, आणि अब्बांना आवडते म्हणून चिमूटभर शेंगदाण्याची चटणी. स्कूटीची किल्ली खिळ्यावरून काढली.

अफसाना शिरखुर्म्याचं पातेलं ढवळत होती. तिनं डब्याकडं बघितलं.

"आपा, डबा कुणाला?"

"अब्बाला," बिलकीस म्हणाली.

आतल्या खोलीत अब्बा फुर्र करून चहा पीत होते.